छोटे रस्ते छोटेच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या दक्षिणेतल्या सायकल सहलीवर लेख आला होता. फोटो झकास होते, लव्हेंडरची जांभळी शेतं आणि मधून हॅट घालून सायकल चालवणारी बाई वगैरे, पण लेखाच्या शेवटी जे लिहिलंय ना, की असलं काही गोव्यात करायचं तर आधी कोट्यवधी रुपये खर्चून वेगळे सायकल ट्रॅक बांधावे लागतील आणि तसंही आमच्या उन्हात कोण सायकल चालवणार, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी आणि आमचे मिस्टर अशाच एका गाइडेड टूरवर जाऊन आलोय, त्याच भागात, आव्हिन्यों शहराच्या पूर्वेला ल्युबेरों म्हणून डोंगररांग आहे तिच्या दोन्ही अंगांना. त्यामुळे लेखातलं काय पटलं नाही ते सांगते, योग्य वाटलं तर छापा.

आधी लव्हेंडरचं उरकते. ते साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत फुललेलं असतं, नंतर कापतात. आम्ही सप्टेंबरात गेलो तेव्हा शेतात नुसते करडे गोल गड्डे ओळीने उभे होते, फुलाचा पत्ता नाही. सेनांकचा जो मठ प्रत्येक फोटोत असतो (११४८ सालचा आहे तो) तिथेही तसंच. पण त्याच वेळी द्राक्षांची तोडणी चालू होती, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि हवेत आंबूस गोड वास, आणि खरं सांगू का, मला तरी लव्हेंडरची आठवणसुद्धा झाली नाही. त्यातून जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा पस्तिशीच्या वर जातो, म्हणून बऱ्याचशा टूर मे-जूनमध्ये नाहीतर सप्टेंबरमध्ये काढतात. म्हणजे ऊन त्यांनाही आहेच की, ते फक्त महिना बघून निघतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिने देवाने दिलेत त्याचं काय?

आता गाइडेड टूर म्हणजे नेमकं काय, कारण लेखात ते नीट आलंच नाही, वाचणाऱ्याला वाटेल पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढायचे. तसं काही नसतं हो. सकाळी तुमची बॅग व्हॅनमध्ये जाते ती संध्याकाळी पुढच्या गावातल्या खोलीवर मिळते. गाइड पुढे असते, मागे व्हॅन, आणि ठरलेल्या ठिकाणी ती व्हॅन मागचं दार उघडून उभी असते, पाणी, केळी, सुकामेवा, पंक्चरचं सामान, सगळं. आमच्या ग्रुपमधे बहुतेक जण साठीच्या पुढचेच होते. मिस्टरांचा गुडघा नाव ठेवण्यासारखा, म्हणून त्यांनी ई-बाइक घेतली. ती ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते, त्याच्या वर गेलात तर मोटर गप्प आणि पाय तुमचे, तिथला नियमच आहे तसा. चढावर ते माझ्या पुढे जाऊन वर झाडाखाली बसलेले असायचे आणि मला म्हणायचे, "किती वेळ गो?" असो.

पहिल्या सकाळी गाइडने आम्हाला रस्त्यावर नेलंच नाही. हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवलं, कारण तिथल्या सायकलींचा उजव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा असतो. आपल्याकडे उलटं, उजवा पुढचा आणि डावा मागचा. आता सवयीने उतारावर डावा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक जाम आणि माणूस हँडलवरून पलीकडे. ग्रुपमधले इंग्रज आणि आम्ही दोघं एकाच बोटीतले, त्यांच्याकडेही आपल्यासारखेच ब्रेक. तिने प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा थांबवून घेतलं, सीटची उंची टाच पेडलवर ठेवून मोजली, मग उजव्या बाजूने चालवायची आठवण करून दिली आणि मगच सोडलं. मला ते फार आवडलं. गाइड म्हणजे इतिहास सांगणारा पोपट नव्हे, तुम्ही संध्याकाळी धड घरी याल हे बघणारा माणूस.

आता मुद्द्याचं. ट्रॅक.

आम्ही जे अंतर कापलं त्यातला वेगळा बांधलेला सायकल मार्ग म्हणजे मुख्यतः कालाव्हों नदीच्या खोऱ्यातला, आप्त गावाच्या आजूबाजूचा. आणि तोसुद्धा नव्याने जमीन घेऊन बांधलेला नाही, बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर डांबर टाकलंय. जुनी स्टेशनं अजून बाजूला उभी आहेत. चढ जवळजवळ नाही कारण आगगाडीला चढ चालत नाही. बाकी सगळा प्रवास साध्या गावच्या रस्त्यांवरून. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने गवतात उतरावं असे अरुंद रस्ते, कडेला पट्टा नाही, पांढरी रेघ नाही, रंगवलेलं सायकलचं चित्र नाही. एका बाजूला द्राक्षं, दुसऱ्या बाजूला चेरीची झाडं, मधे कुठे गेरूची लाल माती. रुसियों गावची ती माती बघून मिस्टर म्हणाले, ही तर आपल्या खाणीवाल्या डिचोलीची! तिथेही त्या गेरूच्या खाणी होत्या, त्यातल्या काही आता तिकीट लावून दाखवतात.

मग त्या अरुंद रस्त्यावर आम्ही म्हातारी मंडळी जिवंत कशी राहिलो? एक तर तिथे कायदा आहे, गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं, गावात एक मीटर. आणि लोक पाळतात! मागून गाडी येते, वळण असेल तर गप मागे राहते, हॉर्न नाही काही नाही, पुढे मोकळं दिसलं की पलीकडच्या बाजूने पूर्ण वळसा घालून जाते. पहिल्या दिवशी मला वाटायचं मागे कोणीतरी आपला पाठलाग करतंय. दुसरं, त्या रस्त्यावर गाड्याच मुळात कमी, कारण घाईतल्या लोकांसाठी मोठा रस्ता वेगळा आहे आणि छोटा रस्ता त्यांनी छोटाच ठेवलाय, रुंद करून शॉर्टकट केला नाही. तिसरं, पाट्या. ल्युबेरोंला वळसा घालणारा दोनशेहून जास्त किलोमीटरचा मार्ग आहे, त्यावर प्रत्येक फाट्यावर हाताएवढ्या पाट्या, एका दिशेने जाणाऱ्यांसाठी पांढऱ्या आणि उलट दिशेला गेरूच्या रंगाच्या. बस, एवढ्यावर सगळा कारभार. आणि गावोगावच्या चौकात पाण्याचं कारंजं, पिण्याचं नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं, बाटली भरा आणि पुढे व्हा.

आता त्या पुलाबद्दल सांगते. बोन्यू गावाच्या खाली कालाव्होंवर पों ज्युलियें नावाचा रोमन लोकांचा पूल आहे, इसवी सनापूर्वी ३ सालचा. तीन कमानी, आणि मधल्या खांबांत आरपार भोकं ठेवलेली, पूर आला की पाणी त्यातून निघून जावं म्हणून. मी त्याच्या कठड्याला टेकून सँडविच खाल्लं, दगड गार होता, खाली नदीत पाणी म्हणाल तर चूळ भरण्यापुरतं. तर या पुलावरून २००५ पर्यंत मोटारी जात होत्या! दोन हजार वर्षं त्याने कुरकुर न करता भार वाहिला, मग कोणालातरी वाटलं आता बास, बाजूला नवा पूल केला आणि हा चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना दिला. मला लगेच आपला पणजी-रायबंदर कॉजवे आठवला. १६३३-३४ चा आहे तो, तीनेक किलोमीटरचा, आणि मोटारी त्याच्यावरून आजही चालल्यात.

टूर संपल्यावर मिस्टरांना कालवा बघायचा होता, म्हणून आम्ही दोघंच ट्रेनने कार्कासोनला गेलो आणि सायकली भाड्याने घेतल्या. कानाल द्यु मिदी, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत २४० किलोमीटर. पिएर-पॉल रिके नावाचा माणूस, मिठाचा कर वसूल करणारा अधिकारी, त्याने १६६६ साली हे काम अंगावर घेतलं. मुख्य अडचण खोदण्याची नव्हतीच, मधल्या उंचवट्यावर बारमाही पाणी आणायचं कुठून ही होती. ते त्याने काळ्या डोंगरातून, म्हणजे मोंतान्य न्वारमधून, पाटाने आणून नोरूझच्या खिंडीत सोडलं, तिथून अर्धं अटलांटिककडे आणि अर्धं भूमध्याकडे. १६८१ मध्ये कालवा सुरू झाला, पण रिके त्याच्या काही महिने आधीच गेला, बिचाऱ्याने उद्घाटन पाहिलं नाही. तर सांगायचं काय, या कालव्याच्या काठाने होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाट होती, त्याच वाटेवर आज सायकली चालतात. काही ठिकाणी डांबर आहे, काही ठिकाणी नुसती माती आणि झाडांची मुळं, बसणारी जागा संध्याकाळपर्यंत दुखते. तरीही जगभरचे लोक येतात.

तिथे दु:खाची गोष्ट म्हणजे झाडं. काठावर सुमारे ४२ हजार प्लेन वृक्षांची (आपल्या चिनाराच्या कुळातले) सावली होती, २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला, औषध नाही, हजारोंनी कापून जाळावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती बुरशी युरोपात आली म्हणतात. आता वेगवेगळ्या जातींची नवी झाडं लावतायत, आम्ही पाहिली ती जेमतेम माझ्या उंचीची होती. त्यांची बुरशीने नेली. आपल्याकडे महामार्गाच्या रुंदीकरणात किती गेली आणि त्या जागी काय लावलं हे ज्याने त्याने आपल्या गावच्या फाट्यावर उभं राहून बघावं.

लेखकाला मी एवढंच सांगते की आमच्याकडे हे सगळं तयार आहे. काही बांधायचं नाहीये! रायबंदरला फेरीत बसा, सायकलला पैसे पडत नाहीत, चोडण बेटावर उतरा. डाव्या हाताला खारफुटी आणि सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य, मग चोडण गावातून मये, तळ्याच्या बाजूने नार्वे. तिथे सप्तकोटेश्वर. हा देव मूळचा शेजारच्या दिवाड बेटावरचा, पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं तेव्हा नदी ओलांडून नार्व्याला आणला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून घेतलं. नार्व्याहून पुन्हा फेरी, म्हणजे देव ज्या नदीवरून इकडे आला तिच्यावरून तुम्ही उलटे दिवाडीला. मग दिवाडीच्या खाजनातून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतून, पिएदादच्या टेकडीवर जाऊन (तोच काय तो चढ) खाली उतरून जुन्या गोव्याची फेरी. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. दोन बेटं, तीन फेऱ्या, देऊळ, इगर्ज (चर्च), पक्षी, मीठपाणी अडवणारे बांध आणि त्यातली मानस, म्हणजे भरती-ओहोटीला उघडबंद होणारं पाण्याचं दार. फ्रेंचांकडे रिके होता, आपल्या खाजनांचे बांध कोणी एका माणसाने बांधले नाहीत, गावकरीने, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेने बांधले आणि पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी. हे पाहुण्याला सांगायला गाइड मात्र गावचाच हवा, मानसीत मासे धरलेला नाहीतर निदान काकांना धरताना पाहिलेला. आता काही मंडळी दिवाड-चोडणला ई-बाइकवर फिरवतात, चांगलंच आहे, त्यांनी गावातली पोरं हाताशी धरावीत.

पण अट एकच, हे रस्ते जसे आहेत तसे राहिले पाहिजेत. आपल्याकडे पर्यटन म्हटलं की पहिलं काम रस्ता रुंद. बांधावरचा रस्ता रुंद केला की भराव खाजनात पडतो, शेत बुडतं, मग त्या रस्त्यावरून भाड्याच्या जीपा ऐंशीच्या स्पीडने जातात आणि मग त्याच रस्त्याच्या कडेला लाखो खर्चून सायकल ट्रॅक करायचा, त्यावर आठ दिवसांत गाड्या पार्क. पणजीत बघतोच की आपण. त्यात मये-डिचोलीच्या बाजूला खनिजाचे ट्रक सुरू असले की तिथे सायकल घेऊन जायचं म्हणजे जीव मुठीत. ट्रकांच्या वेळा तरी ठरवून द्या, सकाळी नऊच्या आत नको आणि रविवारी नकोच, एवढं मागणं फार आहे का?

आणि हे फक्त पाहुण्यांसाठी मागत नाहीये मी. या रस्त्यांवर रोज सायकल चालवणारा माणूस आहे आपल्याकडे, तो म्हणजे पोदेर, आपला पाववाला. पहाटे टोपलीवर निळं प्लास्टिक बांधून, पोंक पोंक करत, पाव, उंडे, काकणां घेऊन तो दारात येतो. फ्रान्सच्या बॅगेट (लांब काठीसारखा पाव) बनवण्याच्या कलेला २०२२ मध्ये युनेस्कोने यादीत घातलं, तिथे सकाळी बेकरीसमोर लोक रांगेत असतात, पण घरपोच सायकलवर कोण आणून देत नाही हो! आमच्या वाड्यावर येणारा पोदेर आता मुख्य रस्ता ओलांडायला दहा-दहा मिनिटं उभा राहतो. त्याला कोणी दीड मीटर सोडतं का? उलट हॉर्न मारून त्यालाच गटाराच्या कडेला ढकलतात. त्याच्यासाठी जो रस्ता सुरक्षित आहे त्यावर जर्मनीहून आलेली आजीसुद्धा सुरक्षित राहील, आणि त्याच्यासाठी नाही तर कितीही रंगीत ब्रोशर छापा.

तिथलं सगळंच गोड आहे असंही नाही. दुपारी दोननंतर हॉटेलात जेवण मागाल तर मान हलवतात, स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, शाकाहारी माणसाचे तर हालच. टूर स्वस्त नाही, त्यात विमान आणि व्हिसाचा खर्च वेगळा. आणि मिस्त्राल नावाचा वारा, तो एकदा उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटला की दिवसच्या दिवस थांबत नाही. आकाश निळंशार, ऊन लख्ख आणि सायकल जागची हलत नाही, उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं. तिथल्या जुन्या घरांना उत्तरेला खिडकीच नसते किंवा इवलीशी, आणि चर्चच्या घंटांवर दगडी छपराऐवजी लोखंडी पिंजरा, वारा आरपार जावा म्हणून. त्या दिवशी गाइडने सकाळी मोबाइल बघितला, डोंगरावरचा रस्ता रद्द केला, दऱ्यातला झाडीचा रस्ता धरला आणि ज्यांना नको त्यांना व्हॅनमध्ये बसवलं. कोणी चिडलं नाही. आपल्याकडेही मान्सूनपूर्व सरी, मे महिन्यातलं ऊन, फेरी बंद पडणं हे धरूनच बेत आखावा लागेल, त्यात लाज कसली. एक मात्र सांगून ठेवते, तिथे दारू पिऊन सायकल चालवणंही गुन्हा आहे, मोटारीला जी मर्यादा तीच सायकलला, त्यामुळे वाईनची चव घ्यायचा कार्यक्रम नेहमी संध्याकाळी, सायकली लावून झाल्यावर. उर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) सीझनमध्ये टूर काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सरकारकडून मागायचंच तर मी चार-पाच गोष्टी मागेन, त्याही पुढच्या सीझनच्या आत होण्यासारख्या. चोडण, दिवाड, नार्वे इथल्या फाट्यांवर हाताएवढ्या पाट्या, मराठी-कोंकणीत आणि इंग्रजीत. धक्क्यावर फेरीचं वेळापत्रक, वाचता येईल अशा अक्षरात आणि पाळलं जाईल असं. दोन्ही बेटांवर गाड्यांना ताशी तीसची मर्यादा. पंचायतीजवळ एक पिण्याच्या पाण्याचा नळ. आणि बेटांवरचा एकही रस्ता रुंद करणार नाही असं लेखी. तुमच्या पेपराने नार्वे-दिवाड-चोडणचा नकाशा पुरवणीत छापला तर त्याचा फायदा लव्हेंडरच्या फोटोपेक्षा जास्त लोकांना होईल, हेही नम्रपणे सुचवते.

लेखकाला उन्हाचीच शंका असेल तर डिसेंबरमधल्या कुठल्याही रविवारी सकाळी साडेसहाला रायबंदरच्या धक्क्यावर यावं, आम्ही दोघं असतोच. हेल्मेट स्वतःचं आणा, आमच्याकडे दोनच आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, माशेल